साखळी-लिस्बन, थेट गाडी

खोली बघायला मी पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा घरमालकांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. कोण, कुठली, एकटी की सोबत कोणी, काही म्हणजे काही नाही. पायरीवर उभं राहून त्यांनी मलाच माझी माहिती दिली. "तू दोडामार्गची. दवाखान्यात नर्स. खोली व्हयी. फलाट चार." मी आ वासून बघत राहिले. दवाखान्याच्या डॉक्टरांनी आधीच फोन करून सगळं सांगून ठेवलं होतं, हे कळायला चार दिवस गेले. तेवढे चार दिवस मला हा माणूस सिद्धपुरुष वाटला. पुढच्या अकरा वर्षांत काय काय वाटला ते सांगायला बसले तर शिव्याच जास्त निघतील.

फलाट चार म्हणजे मागच्या अंगाची माझी खोली. पुढचा बाकांचा ओटा, ज्याला गोव्यातल्या या साखळी गावात बलकांव म्हणतात, तो फलाट एक. स्वयंपाकघर दोन, न्हाणीघर तीन. दारांच्या चौकटींवर पांढऱ्या ऑइलपेंटनं हे आकडे रंगवलेले. एवढ्यावर थांबले असते तर मी म्हटलं असतं, असतो एकेकाचा छंद. पण घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा जमिनीवर आखलेली होती. कदेल, म्हणजे आपली खुर्ची, तिच्या चार पायांना चार गोल. बादलीला गोल, पाटावरवंट्याला चौकोन. गोलातून वस्तू बोटभर सरकली तरी घरात तांडव. "गाडी फलाटार लाव! गाडी फलाटार लाव!" असं ओरडत यायचे. पहिल्या आठवड्यात माझी चप्पल चौकोनाबाहेर राहिली म्हणून त्यांनी ती उचलून अंगणात भिरकावली. मी सामान बांधायला घेतलं होतं, खरंच सांगते. त्यांच्या बायकोनं, काकींनी, हात धरून बसवलं.

साखळीच्या बसस्टँडवर त्यांनी उभी हयात कंट्रोलर म्हणून काढली. गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. कंट्रोलर म्हटलं की झालं. मी काका म्हणायची, समोर. मागे काय म्हणायची ते राहू दे.

प्रश्न न विचारणं हे त्यांचं व्रत होतं. "जेवलीस?" असं कधी नाही, "जेवलीस तू" असं सरळ विधान. नसेल जेवलं तर आपण सांगायचं, नाही जेवले म्हणून. एकदा मी तापानं फणफणले होते. दारात येऊन म्हणाले, "ताप उतरलो तुजो." मी कण्हत म्हटलं, "एकशे दोन आसा काका!" "मगे पडून रव," म्हणाले आणि पेजेचा वाडगा ठेवून गेले, वर लोणच्याची फोडसुद्धा होती. मला माणूस कळायला लागला तो त्या दिवसापासून.

एकदा मी डोकं फिरून विचारलंच, की तोंडातून एक साधा प्रश्न काढलात तर काय जीभ झडेल? तर म्हणाले, "तीस वर्षां त्या स्टँडार अख्खो गाव माज्याकडे प्रश्न घेवन इलो. सगळेच प्रश्न घेवन इले तर उत्तर घेवन कोणीतरी उभो रवाक व्हयो. कंट्रोलर इचारीत नाय. कंट्रोलर सांगता." वर छाती पुढे.

दुसरा अभिमान आवाजाचा. बलकांवावर बसल्या बसल्या रस्त्याकडे न बघता सांगायचे, "ही वाळपय. ही डिचोली, हिचो गिअर खरखरता. ही पणजी, सात मिनटां लेट." बाहेरून आलेला पाहुणा उठून बघायचा आणि हात जोडायचा. "पाटी वाचता तो पासिंजर," हे म्हणायचे, "आवाज ओळखता तो कंट्रोलर." मीसुद्धा कौतुकानं दवाखान्यात हे सांगत फिरले आहे. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

काकी होत्या तोवर घराला हसू होतं. त्यांचं हसणं उचकी लागल्यासारखं. एक झटका, मग श्वास अडकल्यासारखं गप्प, मग दुसरा झटका. सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन आला की त्याच्याशी उंड्यांच्या आकारावरून वाद घालताना ते सुरू व्हायचं, आणि काका आतून म्हणायचे, "एंजिन चालू झालां." मी राहायला आले त्याच्या तिसऱ्या वर्षी काकी गेल्या. त्यानंतर पाव घ्यायला काका स्वतः उठायचे. उंडे हातात तोलून, एक शब्द न बोलता आत यायचे.

मुलगी एकच. लग्न झालं आणि वर्षभरात नवऱ्याबरोबर लिस्बनला गेली. आमच्या भागातून लिस्बनला जाण्यात आता नवल राहिलेलं नाही. आजोबा-पणजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यांच्या जोरावर पेडण्यापासून डिचोलीपर्यंत घराघरातून कोणी ना कोणी तिकडे गेलेलं आहे. नवऱ्याचं नागरिकत्व झालं, हिचे कागद मात्र तिथल्या कचेरीत अडकले. ते होईपर्यंत देश सोडला तर पुन्हा पहिल्यापासून रांग, असं तिला सांगितलेलं. त्यामुळे सहा वर्षांत एकदाही आली नाही. तिथे तिला मुलगी झाली, ती दीड वर्षाची झाली, आणि आजोबांनी नात पाहिलेली नव्हती. मुलगी घरीच राहून शेजारणीचा मुलगा सांभाळायची, तेवढाच हातभार. आणि दर रविवारी फोनवर एकच, "बाबा, तुम्ही या. मी येऊ शकत नाही, तुम्ही तरी या."

आता गंमत अशी की लिस्बनला जावं कसं, यातला त्यांच्याएवढा जाणकार साखळीत काय, अख्ख्या डिचोली तालुक्यात नव्हता. आणि माणूस पणजीच्या पलीकडे गेलेला नाही! लिस्बनला निघालेला प्रत्येक जण आधी बलकांवावर हजेरी लावायचा. काका त्याला चिठ्ठी लिहून द्यायचे. चिठ्ठीत नेहमी तीन वाटा. पहिली उण्या पैशांची, दुसरी बेगीनची, म्हणजे लवकरची, आणि तिसरी शाण्याची. मुंबईपर्यंत रेल्वे आणि तिथून विमान, ही उण्या पैशांची. मोपाच्या विमानतळावरून विमान, आखातात विमान बदलून लिस्बन, ही बेगीनची. शाण्याची प्रत्येकाला वेगळी. एका म्हातारीला त्यांनी लिहून दिलं होतं, "जाऊ नये." ती बिचारी ती चिठ्ठी घेऊन मुलाशी भांडली आणि खरंच गेली नाही.

लिस्बनमध्ये उतरल्यावर काय, तेही चिठ्ठीत. टॅक्सीवाला लांबून नेतो. बसमध्ये मोठी बॅग घेऊन चढलं की ड्रायव्हर बघतो. सगळ्यात बरी मेट्रो, कारण ती विमानतळावरूनच सुटते. "सुटता थंयसून गाडी धरली तर चुकूची भानगडच नाय. एकाच दिशेन जाता." हे सगळं त्यांना कुठून कळायचं? सुट्टीवर आलेल्या प्रत्येकाला ते समोर बसवायचे आणि म्हणायचे, "सांग." तो विमानापासून उशीपर्यंत सगळं सांगायचा. एकानं तर तिथलं मेट्रोचं कार्डच आणून दिलं होतं. ते खिशात घालून हे साखळीच्या बाजारात हिंडत.

मग स्वतः का जात नाही? इथे माझं डोकं सटकायचं. मुलगी तिकीट काढायला तयार, व्हिसा झालेला, आणि हे प्रत्येक वाटेत खोट काढत बसायचे. मुंबईची गाडी वेळेवर नसते. आखातात विमान बदलायचं. दिल्लीला विमान बदलायचं. "थेट गाडी व्हयी," एवढंच. "पयली मुरगावातसून बोट सुटायची, थेट लिस्बन. तशी आसा तर सांग." मी म्हटलं, "बोट आजोबांच्या काळात बुडाली काका! पोर तिथे डोळ्यांत प्राण आणून वाट बघते आणि तुम्ही हंय थेट गाडी मागतात! लाज नाय वाटत?" तर शांतपणे म्हणाले, "गाडी बदलली की माणूस चुकता. तीस वर्षां बघलंय." मी दार आपटून खोलीत गेले. माझ्या मते तो शुद्ध भित्रेपणा होता, आणि तसं मी मुलीला फोनवर सांगितलंही. हो, सांगितलं. तीही रडली.

त्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी मी घर धुवायला काढलं. बलकांवावरचा लांब बाक ओढून मध्ये घेतला, फरशी घासली, आणि बाक परत गोलात लावायला विसरले. तेवढंच झालं. दुपारी काका बाजारातून आले ते नेहमीच्या चालीनं, मान ताठ, आणि सरळ त्या बाकावर आदळले. हातातली, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं अंगणभर. मी धावले तर कपाळ फुटलेलं, रक्त डोळ्यावर ओघळतंय, आणि हे हातानं हवेत चाचपडत म्हणतायत, "बाक हलयलां. कोणीतरी बाक हलयलां."

दिवसाउजेडी! एवढा मोठा बाक!

मी खाली बसवून कपाळ दाबून धरलं आणि सवयीनं म्हटलं, "काका, किती बोटां दिसतत सांगा." डोक्याला मार लागला की आम्ही हे विचारतोच. काकांनी ठणठणीत आवाजात सांगितलं, "चार."

मी अजून हात वरच केला नव्हता. एक हात त्यांच्या कपाळावर, दुसऱ्यात कापूस. मी मूठ वळून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. ते म्हणाले, "तीन. आता तीन केलंस." मला रडूच फुटलं. एवढी मी खंबीर म्हणवते, पण त्या माणसाचं ते ठामपणे चुकणं मला सोसवेना.

आमच्या दवाखान्यात दर शनिवारी डोळ्यांचे डॉक्टर येतात. भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं पेशंटकडून वाचून घ्यायचं काम कुणाचं? माझं. शेकड्यांनी माणसांना मी विचारलंय, ही ओळ दिसते का, ती दिसते का. आणि ज्यांच्या घरात मी रोज उठते-बसते त्यांना दिसत नाही हे मला कळलं नाही! चिठ्ठीवरची अक्षरं वर्षागणिक आवळ्याएवढी झाली, मी म्हटलं वयाचा थाट. मुलीशी बोलताना फोनचा कॅमेरा छपराकडे, तिला दर रविवारी पंखा दिसायचा, मी म्हटलं म्हाताऱ्याला फोन कळत नाही. आणि ते गोल, ते चौकोन, ती चप्पल! आवाजावरून गाडी ओळखणाऱ्या त्या माणसाला गाडी दिसतच नव्हती.

शनिवारी ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, बारा-पंधरा वर्षं कडेकडेनं नजर खात आलेला. डावा डोळा संपलेला. उजव्यात नळीतून बघितल्यासारखं थोडं उरलंय, तेही धुरकट. गेलं ते परत येणार नाही. थेंब घालत राहिलात तर आहे ते काही दिवस टिकेल. किती दिवस, ते कोणी सांगू शकत नाही. काका सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "माका ठावक आसा." तीन वर्षं ठाऊक होतं. पणजीला एकदा जाऊन आले होते म्हणे, एकटेच, बसनं.

घरी येताना रस्त्यात त्यांनी माझं मनगट धरलं. आधारासाठी धरलं असं मला वाटलं, पण नाही. म्हणाले, "पोरीक सांगूचां नाय. तिका कळलां तर कागद-बिगद टाकून विमानान येतली. सहा वर्षां उभी रवली ती रांगेत. आण घे." मी म्हटलं मी असल्या आणाभाका घेत नाही. "काकीची घे," म्हणाले. घेतली.

मग जरा चालून थांबले. "थेट गाडी व्हयी म्हणतंय तां कित्याक, तां तुका आता कळलां. गाडी बदलूची तर पाटी वाचूक व्हयी. नाय तर कोणाकतरी इचारूक व्हयां. दोनूय माका जमणा नाय." आणि पुढे, रस्त्याकडे तोंड करून, "ह्या डोळ्यात जो काय चिमटीभर उजेड उरलो, तो नातीक. तिचो चेरो बघूचो. मगे काळोख झालो तरी चलात."

बाजाराच्या ऐन मध्यावर मी ढसाढसा रडत होते आणि लोक बघत होते. त्यांना अर्थातच ते दिसत नव्हतं.

त्यानंतर मी हात धुऊन मागे लागले. रोज थेंब घालायचे आणि रोज भांडायचं. विमानतळावर म्हाताऱ्या माणसांना चाकाची खुर्ची देतात, एक माणूस ढकलत दुसऱ्या विमानापर्यंत नेऊन सोडतो, हे मला दवाखान्यातल्या एका बाईनं सांगितलं होतं. मी ते घरी येऊन सांगितल्यावर काकांनी पेजेचा वाडगा बाजूला सारला. "कंट्रोलराक ढकलगाडयेर घालून न्हेतली!" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मी थेंब घालता घालता म्हटलं, "काका, आयका. तुम्ही बसलात की उठूचां नाय. पाटी वाचूची नाय, कोणाक इचारूचां नाय. विमानाच्या दारातसून विमानाच्या दारात. ही थेट गाडी न्हय तर काय?" डोळा मिटून पडले होते. थेंब गालावर ओघळला. तो बोटानं पुसून म्हणाले, "शाण्याची वाट." आणि खुर्ची मंजूर झाली.

पण लिस्बनच्या विमानतळावर खुर्ची सोडायची, हे त्यांनी ठरवलं ते ठरवलं. खुर्चीत बसलेला बाप बघितला तर पोरीला संशय येईल. मुलीनं विमानतळावर यायचं नाही, दोन पोरं घेऊन धावपळ नको, असं त्यांनी फोनवर ठणकावून सांगितलं. मेट्रोनं येतो. तिचं घर लाल वाटेवर, विमानतळापासून सहावं स्टेशन, गाडी न बदलता. "सहा वेळा दार उघडतला. सहाव्याक उतरूचां. पाटी गेली खड्ड्यात." मी हादरले. आंधळा माणूस परक्या मुलखात भुयारातल्या गाडीत बसणार, एकटा! पण आण घेतलेली.

त्याची तालीम त्यांनी साखळी-डिचोली मिनीबसवर केली. डोळे घट्ट मिटून बसायचं आणि थांबे मोजून सहाव्याला उतरायचं. मी सोबत होते. आता आमच्या गाड्या तुम्हाला ठाऊक आहेत. थांबा असतो तिथे थांबतातच, आणि कोणी कुंपणावरून हात दाखवला तरी थांबतात. कोणी पोतं चढवतं, कोणी ड्रायव्हरच्या बहिणीला निरोप देतं. काकांनी सहा मोजले आणि ताठ मानेनं उतरले ते एका बागायतीच्या तोंडाशी, जिथे पोफळींशिवाय काही नव्हतं. कंडक्टर ओरडतोय, "कंट्रोलर, हंय खंय देंवता?" मी मागून उडी मारली. गाडी निघून गेली. काका चिखलात उभे, आणि चेहरा असा खुललेला की बघतच राहावं. "हरकत नाय," म्हणाले. "थंयची गाडी हात दाखवल्यार थांबणा नाय." तासभर आम्ही पुढच्या बसची वाट बघत उभे होतो आणि ते मला लिस्बनच्या मेट्रोचे गुण सांगत होते.

मोपाला सोडायला मीच गेले. धारगळला महामार्गावर टॅक्सी वळली तेव्हा म्हणाले, "धारगळ इलां." काचा बंद होत्या, एसी चालू. मी विचारलं, कसं कळलं? "वळणार पोट हालता." विमानतळाच्या दारात खुर्ची घेऊन गणवेशातली मुलगी आली. काका बसले, बॅग मांडीवर घेतली, शर्टाच्या खिशातून स्टँडवरची जुनी शिट्टी काढली आणि आम्हाला काही कळायच्या आत दोन दणदणीत शिट्ट्या मारल्या! अख्खा विमानतळ दचकला. बंदूकवाला शिपाई धावत आला. मी हात जोडतेय, खुर्चीवाली मुलगी घाबरलीय, आणि हे समोर बघून म्हणतायत, "सोड गाडी."

मग मान वळवली, मी उभी होते त्याच्या जरा डावीकडे, खांबाकडे बघून म्हणाले, "नर्सबाय, तू रडतंस." मी म्हटलं, "नाय काका." खांबाच्या बाजूनं उत्तर यावं म्हणून मी दोन पावलं सरकले होते.

दुसरा दिवस शनिवार. दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर आलेले, रांग दारापर्यंत. मी पाटीपाशी उभी, हात कामात आणि जीव फोनमध्ये. संध्याकाळी मुलीचा फोन आला. समोरच्या पेशंटला एका डोळ्यावर हात ठेवून तसाच बसवला आणि मी कोपऱ्यात गेले.

"पोचले," ती म्हणाली. "ताई, बाबा पोचले. एकटे मेट्रोचा जिना चढून वर आले, कठड्याला हात लावून. मान अशी ताठ."

मी औषधांच्या खोक्यावर बसले. "देवा रे. मग? नात बघितली?"

मागून लहान मुलांचा कालवा येत होता. मग ती हळू आवाजात सांगायला लागली, मधेमधे थांबत. स्टेशनच्या तोंडाशी ती दोन्ही मुलांची ढकलगाडी घेऊन उभी होती. वारा फार होता म्हणून दोघांना लोकरीच्या टोप्या घातलेल्या. काका आले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, मग गाडीवर वाकले आणि हाताला जे लागलं ते मूल उचललं. छातीशी धरलं. त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आवयचांच नाक! सांगतंय तुका, तुज्या आवयचांच नाक घेवन इली."

"माझ्या आईचं नाक, ताई," ती म्हणाली, "आणि तो शेजारणीचा मुलगा होता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला वाटलं प्रवासानं दमलेत, गोंधळले असतील. घरी आल्यावर मी आमचीला त्यांच्या मांडीवर ठेवली. काही न बोलता. तर तिच्या पाठीवर थोपटून म्हणाले, 'ह्यो शेजारणीचो. बरो आसा,' आणि तिला खाली सोडली. परत त्या मुलाला घेऊन बसलेत. सोडतच नाहीत. इतके खूष आहेत ताई, मी बाबांना इतकं खूष कधी बघितलेलं नाही." तिचा आवाज फुटला. "बाबांना कधीपासून दिसत नाही?"

काकींची आण मी तिथेच मोडली. "तीन वर्षं," मी म्हटलं.

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"चवथीपासून."

मला वाटलं आता फोन आपटते. आपटायलाच हवा होता. इतरांना चाळीस चिठ्ठ्या लिहून देणारा माणूस, एवढी यातायात करून उरलेला चिमटीभर उजेड घेऊन गेला आणि तो दुसऱ्याच पोराच्या तोंडावर सांडून बसला. एक प्रश्न विचारला असता. "यातली आमची कुठली?" एवढाच. पण कंट्रोलर विचारतो कुठे!

तेवढ्यात फोनमधून शिट्टी वाजली. तीच, स्टँडवरची, दोनदा. पोरांना खेळवायला असणार. दोन्ही मुलं खिदळली. एक हसणं साधं, खळखळून. आणि दुसरं एक झटका देऊन थांबलं, श्वास अडकल्यासारखं गप्प झालं, मग पुन्हा झटका. मी खोक्यावरून उठून उभी राहिले. ते हसणं मी तीन वर्षं रोज सकाळी पावाच्या वेळेला ऐकलं होतं.

पलीकडे शिट्टी बंद झाली. आणि मग त्या माणसाचा आवाज आला, बारीक, थरथरता, मी अकरा वर्षांत कधी न ऐकलेला.

"गो, ही कोण हसली?"